एका फोटोच्या चार मेंढ्या

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज भरून मिळतील' असं लिहिलंय. वाचून लोकांना वाटतं, अर्ज भरणं हेच अवघड असेल. तसं काही नाही. नाव, गाव, जन्मतारीख, आधारचा नंबर... हे कुणीही भरील. अवघड असतं ते, चार दिवसांनी तेच पान पुन्हा सापडवणं. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल तिथं खर्च होते, आणि ती अक्कल मला आली तीसुद्धा ठेचा खाऊनच आली.

मी दहावी नापास. माहेर राहूचं, सासर दौंडचं. आमचे 'हे' रेल्वेत डबे दुरुस्तीच्या कामाला होते, आता रिटायर झालेत. रेल्वे कॉलनीत राहत होतो तेव्हा स्टेशनच्या बाजूला एक गाळा मिळाला. आधी झेरॉक्स टाकलं. मग लोक विचारायला लागले, 'काकू, झेरॉक्स करता तर फॉर्म बी भरा की.' मशीन कुणी शिकवलं नाही. इंग्रजी अक्षरं ओळखू येत होती, अर्थ कळत नव्हता. कुठलं बटण दाबलं की काय होतं हे मी पाठ केलं, जशी आपण अनोळखी गावातली वाट खुणेनं पाठ करतो. पिंपळापाशी वळायचं, दवाखान्याच्या पुढं सरळ.

ज्यांनी कधी आमच्या खुर्चीत बसून बघितलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरवर एखाद्या ऑफिसचं पान उघडलं की वरच्या कडेला त्याची एक पट्टी दिसते. तिला टॅब म्हणतात. दुसरं पान उघडलं की शेजारी दुसरी पट्टी. पाच-सहा असतात तोवर प्रत्येकीवर नाव वाचता येतं. पण पट्ट्या वाढायला लागल्या की एकमेकींना रेटून बारीक होतात. शेवटी नाव दिसतच नाही, नुसतं टिकलीएवढं चित्र राहतं.

माझ्याकडं अशा साठ-सत्तर टिकल्या कायम उघड्या असायच्या. कारण मला वाटायचं, पान बंद केलं की ते गेलं. कुणाचा दाखला यायचा राहिलाय, कुणाची सही राहिलीय, म्हणून त्याचं पान उघडंच ठेवायचं. कुठली टिकली कुणाची हे मला तोंडपाठ. 'डावीकडून अकरावी म्हंजी गोपाळवाडीची सून, तिच्या पुढची पेन्शनवाली मावशी.' वर्षानुवर्षं मी कॉम्प्युटर बंदच केला नाही.

गिऱ्हाइकंही तशीच. राहूचे एक आबा होते, आहेत अजून, देव त्यांना सुखी ठेवो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं पाळणारं घर. त्यांचा मेंढ्यांच्या शेडचा अर्ज माझ्याकडं होता. आबा दर बुधवारी दौंडला यायचे आणि दुकानात येऊन उभ्या उभ्या विचारायचे, "माझं पान हाय का उघडं?"

"हाय आबा."

"दाखीव."

मी टिकली दाबून पान दाखवायची. आबांना वाचता यायचं नाही. पण दोन मिनिटं टक लावून बघायचे, मान हलवायचे, "बंद करू नगं बरं का बाई. माझा नंबर जाईल," म्हणून निघून जायचे. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते पान त्यांनी धरून ठेवलं होतं. हसू यायचं, पण माझं स्वतःचं तरी दुसरं काय चाललं होतं?

मग ती खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं ते धुवून पुसून, हळदकुंकू लावून ठेवायचं, आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या ह्यांनी आयुष्यभर पाने-हातोडे पुजले. रिटायर झाल्यावर पुजायला घरात काही उरलं नव्हतं. मी बाजारातनं झेंडूची फुलं आणायला गेले आणि ह्यांनी दुकानात जाऊन माझा कॉम्प्युटर पुसला, वायर काढली, पडद्यावर गंध लावलं, कीबोर्डवर आपट्याची पानं ठेवली. मी आले तर उदबत्ती चालू, आणि पडदा काळा.

माझ्या हातातली पिशवीच पडली. "अहो, बंद का केला?"

"बंद न करता पूजा करत्यात व्हय? चालू गाडीखाली कवा घुसलोय का मी? यंत्राला बी इसावा पाहिजे."

दसऱ्याला दुपारी सोनं वाटून झाल्यावर मी देवाचं नाव घेऊन मशीन चालू केलं. एक छोटा डबा समोर आला, इंग्रजीत काहीतरी विचारत होता. आता माझी सवय अशी, की समोर आगाऊ डबा आला की कोपऱ्यातली फुली दाबायची. जाहिराती असतात, बक्षीस लागलं म्हणतात, भलतंच काही असतं. मी फुली दाबली. नंतर कळलं, तो बिचारा विचारत होता, 'मघाची पानं परत उघडू का?' आणि मी त्याला हाकलून दिलं.

साठ-सत्तर टिकल्या गेल्या. कुणाचं पान कुठल्या ऑफिसचं होतं ते आठवेना, आणि त्या ऑफिसचा पत्ता तर मी कधी लिहूनच ठेवला नव्हता. शोधायला गेलं तर सारख्या तोंडाची चार-चार पानं येतात. त्यातली दोन खोटी. पुढचे पंधरा दिवस मी लोकांना फोन करकरून सगळं गोळा केलं. दोघांचे अर्ज नव्यानं भरावे लागले, ते मला अजून लागून राहिलंय. राहूच्या आबांचं पान सापडलं, पण ते म्हणाले, "मी सांगितलं व्हतं, बंद करू नगं."

ह्याच्यावरचा उतारा मला मिळाला तो साडीवालीकडनं. फोनवर साड्या विकणारी एक बाई मला रोज वीस फोटो पाठवायची. एक दिवस तिनं फोटो न पाठवता एकच लिंक पाठवली. दाबली तर अख्खी भिंत उघडली. चौकोन चौकोन, प्रत्येक चौकोनात एक साडी, आणि साडीवर बोट ठेवलं की तिची माहिती. मी साडी बघायची सोडून त्या भिंतीकडंच बघत बसले. मनात आलं, साडीच्या जागी ऑफिस असलं तर?

फोन करून तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू, चौकोन करायचा, त्यात पानाचा पत्ता चिकटवायचा, वर फोटो लावायचा. एवढंच."

तीन दिवसांत माझी भिंत उभी राहिली. वरच्या बाजूला ऑफिसं. सातबाऱ्याला विहिरीचा फोटो, पेन्शनला चष्मा, फळपिकाच्या विम्याला डाळिंब, रेल्वेच्या भरतीला हिरवा झेंडा. खालच्या बाजूला माणसं, म्हणजे ज्यांची कामं अर्धवट आहेत ती. प्रत्येकाचा एक चौकोन, त्यात त्याच्या अर्जाचं पान आणि स्कॅन केलेले कागद, आणि वर ओळखीसाठी चित्र. पासवर्ड मात्र भिंतीवर नाही. तो ज्याचा त्यानं आपल्या हातानं आपल्या वहीत लिहायचा, असा माझा नियम आहे. नावंसुद्धा लिहीत नव्हते. चित्र बघून मला माणूस आठवायचा, पुरे झालं.

मी किती सुटले म्हणून सांगू! संध्याकाळी मशीन बंद करून घरी जायला लागले. ह्यांना म्हटलं, आता रोज पूजा करा.

आमच्या ह्यांची बहीण विजू शिरूरला दिलेली. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी. माझं बघून तिनंही शिरूरला स्टँडजवळ असंच दुकान टाकलं होतं. तिला म्हटलं, दोघींची एकच भिंत करू. मधल्या निमोणे गावचा माणूस कधी दौंडला येतो, कधी शिरूरला जातो. दोन्हीकडं त्याचं काम दिसलं म्हणजे झालं. लिंक पाठवताना ते मशीन विचारतं, समोरच्याला नुसतं बघायला द्यायचं की हात लावायला पण? आता नणंदेला नुसतं बघायला कसं देणार? घरात भांडण लागलं असतं. हात लावायला दिलं.

आता कोमलची गोष्ट. ही पोरगी निमोण्याची. तिची मावशी आमच्या कॉलनीतली, म्हणून नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला दौंडला माझ्याकडं आली होती. आदल्या वर्षी थोडक्या मार्कांनी तिची जागा हुकली होती. वर्षभर घरी बसून तिनं पुन्हा परीक्षा दिली. कागद एवढे किचकट, की प्रत्येकाची साइझ ठरलेली; जरा मोठा झाला की पान घ्यायचंच नाही. अर्धा दिवस घालवून मी ते बारीक करून करून तिच्या चौकोनात ठेवले. वर एक मेंढीचा फोटो लावला. का, ते पुढं येईलच.

त्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दुकान बंद करून आम्ही दोघं डेमू गाडीनं पुण्याला गेलो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी पट्टी बांधून पडलेली, दुसऱ्या डोळ्याला आधीचंच धुकं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की फोनकडं बघायचं नाही. दुपारी ह्यांनी फोन माझ्या कानाला लावला.

"काकू, मी कोमल. यादीत नाव आलं माझं!" पोरगी रडत होती का हसत होती तेच कळेना. "पर आज पाचच्या आत जागा पक्की करायची हाय. कागद परत जोडायला सांगितल्यात. न्हाई केलं तर पुढच्या नंबरला जाईल. सकाळपासनं गावात रेंज न्हवती, आत्ता मेसेज दिसला."

"किती वाजले?"

"दोन."

"दौंडला जाऊ नकोस, दुकान बंद हाय. पप्पांच्या गाडीवर शिरूरला वन्संकडं जा. मी फोन करून ठेवते."

वन्संचा स्कॅनर गणपतीपासून रुसला होता, पण मी निर्धास्त. कागद भिंतीवर होतेच ना. साडेतीनला कोमल तिथं पोचली, आणि पावणेचारला वन्संचा फोन आला.

"वहिनी, हिचं चित्र कुठलं?"

"मेंढी बघा. कुणीतरी सुप्रभात म्हणून पाठवलेली, मागं तांबडं आभाळ असलेली."

"दिसली. पर ही तर शेडच्या अर्जाची. राहूच्या कुणा आबांची."

"ती न्हाई. दुसरी बघा. चार मेंढ्या हायत."

पलीकडं माऊस दोनदा वाजला. मग वन्सं म्हणाल्या, "चार व्हत्या."

"व्हत्या म्हंजी?"

"आवं, एकच फोटो चार ठिकाणी. मला वाटलं, तुमच्याकडनं चुकून चारदा चिकटलं. डोळ्यानं दिसत न्हाई तुम्हाला, म्हणून मीच परवा आवरून ठेवलं. तीन काढून टाकल्या."

मी म्हटलं, "वन्सं, माझ्या फडताळातले डबे न विचारता फेकलेत व्हय तुम्ही?"

"मग डब्यावर नाव नगं का लिहायला? चार डबे, चारी एकासारखे! मला काय सपान पडणार हाय, कुठल्यात हळद आन् कुठल्यात तिखट?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं. पाठीमागनं कोमलच्या वडिलांचा आवाज आला, "ताई, मोबाइलवर फोटू काढून चालंल का?" वन्सं म्हणाल्या, "तेच करून बघितलं दादा, पान घेत न्हाई. मोठं हुतंय." कोमलचा आवाज नव्हताच. मला तेच सहन होईना. ती काही बोलली असती, रागावली असती तर बरं.

पडल्या पडल्या मी डोकं चालवलं. सुरुवातीला माझ्याकडनंही चौकोन उडायचे. तेव्हा मी ते कुठनं परत आणायची? एक टोपली होती. टाकलेलं काही दिवस तिच्यात पडून राहतं, आपण कचरा लगेच गाडीत टाकत नाही तसं. पण ती वन्संना फोनवर सांगावी तर त्यांच्या दुकानातलं नेट त्या दिवशी मुंगीच्या पावलानं चालत होतं. एकेक पान उघडायला पाच-पाच मिनिटं. भिंत उघडी होती ती हलवायला नको. माझ्या फोनमध्येही भिंत होतीच, पण मला दिसत नव्हतं.

"अहो, तुम्ही बघा," मी ह्यांना म्हटलं.

"मी? मी न्हाई हात लावणार. त्या खंडेनवमीचं अजून ऐकतोय."

"आज लावा. मी सांगते तसंच करा."

ह्यांनी वन्संचा फोन स्वतःच्या मोबाइलवर घेऊन पलंगावर ठेवला आणि माझा मोबाइल हातात धरला, बॉम्ब धरावा तसा.

"काय दिसतंय?"

"विहीर. चष्मा. डाळिंब."

"वर उजव्या अंगाला तीन टिंबं?"

"हायत."

"दाबा."

"लई आलंय खाली. सगळं इंग्रजी."

"सगळ्यात खाली टोपलीचं चित्र?"

"टोपली म्हंजी... डबा हाय. झाकणाचा."

"तोच! दाबा."

कितीतरी वेळ काही नाही. शेजारच्या पलंगावरच्या आजी उठून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालंय.

"सापडल्या," हे म्हणाले. आवाज बदलला होता. "तीन मेंढ्या. तिन्ही एकीसारख्या एक. कुठली हिची?"

"तिन्ही परत घाला. मागं वळलेला बाण असंल."

"हाय."

"एकेक करून. फुली दिसली तर दाबू नका, माझ्या गळ्याची शपथ!"

आणि पलंगावरच्या मोबाइलमधून वन्सं ओरडल्या, "वहिनी! मेंढी आली! आवं, दुसरी बी आली! आपोआप यायला लागल्यात!" पुण्यात दादानं बटण दाबलं की शिरूरला बहिणीच्या पडद्यावर मेंढरू हजर. ह्यांनी दोन्ही हातांनी फोन कपाळाला लावला.

पहिली मेंढी दुसऱ्याच कुणाची निघाली. दुसरी कोमलची. वन्संनी कागद जोडले, कोमलनं पासवर्ड घातला, तिच्या वडिलांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यांना चष्मा सापडेपर्यंत कुणी वाचेना, मग वाचला. पाचला दहा कमी असताना पान हिरवं झालं. जागा पक्की.

फोनवर पहिल्यांदा कोमलचा आवाज आला. एवढंच म्हणाली, "काकू, झालं."

मला रडायची बंदी होती डोळ्यामुळं. मी हसले. शेजारच्या आजींनी विचारलं, "मुलगा झाला का?" आमचे हे म्हणाले, "न्हाई वो, मेंढी सापडली." त्या माऊलीनं परत पांघरूण घेतलं.

पट्टी निघाल्यावर आठवड्यानं मी दुकान उघडलं. कोमल पेढे घेऊन आली. वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता, पुढं शिष्यवृत्तीचाही होता. तिला शेजारी बसवून मी कौतुकानं भिंत दाखवली. ती खाली बघत गेली आणि थांबली.

"हीच का ती मेंढी? माझी?"

"हीच."

"मला मेंढी का लावली काकू?"

काय सांगणार? तिचं आडनाव वाचून लावली होती. चारही मेंढ्यांना तसंच. धनगरांचं घर, म्हणून मेंढी. मला वाटायचं, मी माणसं ओळखते.

तिनं ओळखलं, पण पोरगी रागावली नाही. म्हणाली, "आमच्यात पणजोबांच्या टायमाला व्हती मेंढरं. पप्पा ऊस लावत्यात. मी तर मेंढरू हातात बी धरलं न्हाई कवा. केसानं शिंका येत्यात मला."

"मग काय लावू ग? तूच सांग."

तिनं माऊस माझ्या हातातनं घेतला. अर्जासाठी मीच दुकानातल्या पांढऱ्या चादरीपुढं तिचा फोटो काढला होता, दोन वेण्या घातलेला, जरा भेदरलेला. तो तिनं चौकोनावर लावला आणि खाली नाव टाइप केलं. "आता विजूमावशींना वाटायचं न्हाई, दोनदा चिकटलीय म्हणून."

ती गेल्यावर मी सगळी भिंत वरपासून खालपर्यंत बघितली, नव्या डोळ्यानं. ऑफिसांना चित्रं ठीक होती. विहिरीला काय वाईट वाटतंय? पण माणसांच्या जागी मी काय काय लावलं होतं! एका बाईला झाडू, एका मुलाला, तो लंगडतो म्हणून, काठी. त्यांच्याच समोर बसून, त्यांच्याच अर्जावर. कुणी विचारलं नाही, कारण कुणी बघितलं नाही. त्या आठवड्यात मी एकेकाला फोन करून विचारून घेतलं. ज्याचा त्याचा फोटो, ज्याचं त्याचं नाव. वन्संनीही शिरूरची माणसं तशीच केली, आणि आता काढून टाकायच्या आधी फोन करतात. मीही त्यांना न विचारता त्यांच्या बाजूचं काही हलवत नाही. दोघींचंही बरं चाललंय.

राहिले राहूचे आबा. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून बुधवारची वाट बघितली. आले, उभे राहिले, "माझं पान हाय का?" मी भिंत उघडली आणि विचारलं, "आबा, तुमच्या चौकोनावर ही मेंढी हाय. काढून तुमचा फोटो लावू का?"

आबा वाकून, डोळे बारीक करून, बराच वेळ बघत राहिले.

"ही मेंढी कुणाची?"

"कुणाची न्हाई आबा. कुणीतरी फोनवर पाठवलेली."

"आपल्या हिकडची न्हाई ही. कान बघ की तिचं." त्यांनी काठी भिंतीला टेकवली, बंडीच्या खिशातनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नातवाचा जुना मोबाइल काढला आणि माझ्यापुढं धरला. पडद्यावर एक काळा, वळलेल्या शिंगांचा, मोठा मेंढा नाक वर करून उभा होता.

"ह्यो राजा. माझ्या पानावर ह्यो लाव. मी कशाला पाहिजे? मला काय कुणी बघायचंय?"

लावला. खाली आबांचं नावही लिहिलं. तासाभरानं शिरूरहून फोन आला, "वहिनी, हे कोण गिऱ्हाईक आलंय शिंगं घेऊन?"

म्हटलं, "राहूचे आबा हायत. हात लावू नका. विचारून लावलाय."